श्रीनगरहून आणलेले फेरन: कापड उत्तम, चिठ्ठीवरचे नाव चुकीचे

चुलतभावाच्या बदलीमुळे गेल्या हिवाळ्यात महिनाभर श्रीनगरला राहणे झाले, तेव्हा लाल चौकाजवळच्या एका दुकानातून मी ३,२०० रुपयांना ट्वीडचे लोकरी फेरन, म्हणजे काश्मिरी लांब, सैल अंगरखा, घेतले. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चालणाऱ्या ‘चिलई कलान’च्या कडाक्यात ते रोज वापरले, त्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

कापडाबद्दल तक्रार नाही. वीण घट्ट आहे, गुडघ्याखाली येणारा घेर चालताना पायांत अडकत नाही आणि आतून लावलेले सुती अस्तर अंगाला टोचत नाही. गळ्याच्या कडेला मात्र अस्तर अर्धा इंच आखूड पडले आहे, आणि नेमक्या त्याच जागी लोकर मानेला खुपते.

मला खरी खटकली ती कॉलरमागची ‘वुलन कोट’ ही चिठ्ठी. कोट पुढून उघडतो. फेरन गळ्यातल्या चिरेतून डोक्यावरून घालायचे असते, म्हणजे घडणीने तो सदराच आहे आणि त्याचे नावही तेच सांगते. काही जण हा शब्द संस्कृत ‘परिधान’पर्यंत नेतात, परंतु काश्मीरमध्ये फारसी अनेक शतके दरबारची भाषा होती हे लक्षात घेता, फारसीतील ‘पैराहन’ म्हणजे सदरा, हीच व्युत्पत्ती मला पटते. इराणमध्ये आजही ‘पिराहन’ म्हणजे शर्ट, आणि बायकांचा झगाही. अफगाणिस्तानात ‘पेराहन-तुंबान’ म्हणजे लांब सदरा व सैल विजार. उर्दू कवितेत ‘पैरहन’ म्हणजे एकूणच वस्त्र. हाच शब्द मराठीत ‘पैरण’ होऊन आला. माझे आजोबा धोतरावर जी पातळ सुती पैरण घालून भर उन्हात शेतावर जात, तिचे आणि बर्फात घालायच्या या जाड लोकरी वस्त्राचे नाव मुळात एकच आहे, हे कळल्यावर मी ते फेरन कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

नावाचा हा मुद्दा केवळ शब्दांपुरता नाही, कारण कोट समजून बेतल्यामुळे दुकानदाराने काखेत बाही अंगाबरोबर घेतली आहे. फेरनची बाही सैल हवी, म्हणजे थंडी वाढली की दोन्ही हात आत ओढून घेता येतात आणि पोटाशी कांगडी धरता येते. कांगडीच्या, म्हणजे काड्यांच्या विणीत बसवलेल्या मातीच्या भांड्यातील चिनारच्या पानांच्या कोळशाची ऊब त्या घेरातच साठून राहते. माझा हात कोपरापाशीच अडतो. शेजारच्या आजोबांनी त्यांचे जुने फेरन मला पाच मिनिटे घालायला दिले, तेव्हा दोन्हींतला फरक लगेच कळला.

दुकानातली माणसे सौजन्याने वागली आणि दिलेल्या दिवशी कपडा तयार होता. किंमतही कापडाच्या मानाने वाजवी आहे. तयार माल घेणार असाल तर दुकानातच हात आत ओढून पाहावा. शिवून घेणार असाल तर काखेत किमान चार बोटे सैल ठेवण्यास सांगावे आणि पुढे चेन लावण्याचा आग्रह झाल्यास स्पष्ट नकार द्यावा.