फिरतीच्या धंद्यासाठी लॅपटॉप: आधी पोर्ट मोजा, मग वजन

दुकानात लॅपटॉप हातात घेतला की पहिलं वाक्य निघतं, "हलका आहे हं!" बहुतेकांची निवड तिथेच चुकायला लागते. विमा प्रतिनिधी, कर सल्लागार, सर्व्हेअर, सौर पॅनेलची कामं घेणारे ठेकेदार, दिवसाला तीन-चार पार्ट्यांकडे जाऊन बसणाऱ्या कुणालाही दोनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळी खांद्याला कळतो, हे खरं. पण डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन खुपसायचं कुठे, हा प्रश्न सकाळी अकरालाच उभा राहतो.

म्हणून या परीक्षणात वेगाचे आकडे कमी आणि जोडणी, चार्जिंग, दुरुस्ती यांवर जास्त भर आहे. पारडं कुठे झुकतं ते आधीच सांगून टाकतो. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले १२-१३ इंची बिझनेस-वर्गातले लॅपटॉप, किंवा नवंच हवं असेल तर लेनोवोच्या थिंकपॅड ई१४सारखं जरा जाड पण सगळी पोर्ट असलेलं यंत्र, हे दोनच पर्याय फिरतीच्या कामाला धडपणे पुरतात. बाकीचे दिसायला देखणे आहेत.

डिजिटल सिग्नेचरचं टोकन आजही मोठ्या, चौकोनी यूएसबीचं असतं. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, बारकोड स्कॅनर, पार्टीने हातात दिलेला पेन ड्राइव्ह, सगळ्यांचं तेच. ज्या लॅपटॉपला फक्त दोन टाइप-सी आहेत त्याचं एक पोर्ट चार्जरने अडवलं की उरतं एक, आणि त्या एकाला डोंगलची (टाइप-सीवर मोठं यूएसबी जोडून देणाऱ्या तुकड्याची) शेपूट लावावी लागते. डोंगल दोन प्रकारे त्रास देतो. स्वस्त डोंगलमध्ये टोकन मध्येच दिसेनासं होतं आणि सही अर्ध्यावर तुटते. दुसरा त्रास साधा आहे: डोंगल पार्टीच्या टेबलावरच राहून जातो. त्यामुळे दोन मोठे यूएसबी, टीव्ही-प्रोजेक्टर जोडायला एक एचडीएमआय आणि चार्जिंग घेणारं निदान एक टाइप-सी, ही किमान अट धरा.

जुन्यांत एचपी एलिटबुक ८३० जी५ ही अट पूर्ण करतं. १३.३ इंच स्क्रीन, वजन सव्वा किलोच्या थोडं वर, आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आत रॅमच्या दोन खाचा. ८ जीबीवर घेतलं तरी पुढे १६ करता येतं. थिंकपॅड एक्स२८० याहून लहान, १२.५ इंची, आणि कीबोर्ड याच्यापेक्षा सरस. रोज दहा-पंधरा पानं टाइप करणाऱ्याला तो लगेच आवडेल. पण त्याची रॅम मदरबोर्डवर डिंक लावल्यासारखी पक्की बसवलेली असते, म्हणजे ८ जीबीचं घेतलं तर जन्मभर ८ जीबी. टॅली, पंधरा टॅब उघडलेला ब्राउझर, एक्सेल आणि वर व्हॉट्सअॅप एवढ्यावर ८ जीबी भरून जातात आणि यंत्र डिस्कवर रॅमची उसनवारी करू लागतं. एक्स२८० घ्यायचंच तर १६ जीबीचं शोधा.

एक्स२८०बाबत आणखी एक जुनं दुखणं. २०१७-१८ च्या सुमारास आलेल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट चिपच्या (टाइप-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता. चिप आपल्या छोट्या मेमरीत सतत नोंदी लिहीत राही. ती मेमरी निकामी झाली की टाइप-सी पोर्ट मरू लागतं, कधी चार्जिंग बंद, कधी एचडीएमआय बंद. लेनोवोने दुरुस्त फर्मवेअर दिलं आहे. जुनं एक्स२८० घरी आणल्यावर पहिलं काम हेच करा, विंडोजची पार्श्वचित्रं नंतर बदला. या यंत्राला चार्जिंगची वेगळी गोल पिन नाही, सगळा भार टाइप-सीवर, त्यामुळे हे टाळून चालत नाही.

दोन्ही यंत्रांत बहुधा आठव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असतात आणि ही सीमारेषा काटेकोर आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सातव्या पिढीचं एक्स२७० दुकानात चार पैसे स्वस्त मिळतं, वर दोन बॅटऱ्यांची लालूच. त्यावर जुगाड करून विंडोज ११ बसतंही, पण पुढचे अपडेट कधी अडतील याची हमी नाही. पार्ट्यांचे पॅन आणि बँक खाती ज्या यंत्रात ठेवायची त्यावर असा खेळ कशाला?

आता देखण्यांकडे. मायक्रोसॉफ्टचं सर्फेस गो ३ अवघं ५४४ ग्रॅमचं आणि १०.५ इंची. कीबोर्ड वेगळा विकत घ्यावा लागतो. तो लावला की वजन पाऊण किलोच्या वर जातं. टाइप-सी पोर्ट एकच. मागच्या टेकूवर ते उभं राहतं, त्यामुळे टेबल असेल तर ठीक. एसटीत, रिक्षात किंवा साइटवरच्या सिमेंटच्या पोत्यावर बसून मांडीवर ठेवलं की कोलमडतं. त्याच्या स्वस्त आवृत्तीत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (मंद गतीची साठवण) आहे, तिच्याकडे वळूनही बघू नका. सही घेणं, फोटो दाखवणं एवढंच काम असेल तर हे चांगलं यंत्र आहे. हिशेबाचं काम असेल तर नाही.

मॅकबुक एअरची बॅटरी आणि स्क्रीन यांना या गटात तोड नाही. एम१ आवृत्ती (अॅपलच्या स्वतःच्या चिपची) २०२० ची, १.२९ किलोची, पंखाच नाही म्हणून आवाजही नाही. डिझायनर, सल्लागार, सगळं काम ब्राउझरमध्ये करणारे, यांनी खुशाल घ्यावं. पण टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. इंटेलच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता येई, एम१पासून ती सोय गेली. कार्यालयातल्या संगणकावरची टॅली दुरून उघडणं हा मार्ग उरतो, तो नेटवर्कच्या भरवशावर. घाटात नेटवर्क गेलं की लेजरही गेलं.

स्नॅपड्रॅगन एक्सवरचे, म्हणजे फोनसारख्या एआरएम चिपवरचे, विंडोज लॅपटॉप २०२४ च्या मध्यापासून मिळतात. त्यांची बॅटरी खरोखर लांब पल्ल्याची आहे, आणि खरी फसगतही इथेच होते. साध्या इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम हे लॅपटॉप भाषांतर करून चालवतात आणि बहुतेक नीट चालतातही. ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही. टोकन, ठशांचं यंत्र, जुना प्रिंटर यांचा ड्रायव्हर एआरएमसाठी खास बनवलेला नसेल तर ते उपकरण चालणारच नाही, कितीही वेळा इन्स्टॉल करा. घेण्याआधी आपली तिन्ही-चारही उपकरणं पिशवीत घालून दुकानात न्या आणि तिथे जोडून पाहा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

इंटेल एन१०० चे छोटे लॅपटॉप ऑनलाइन भरपूर दिसतात. चार साधे कोर, ६ वॅटची चिप, रॅमचा एकच चॅनेल. चलन भरायला, बिल छापायला पुरे. व्हिडिओ कॉल चालू ठेवून स्क्रीन शेअर केली की धाप लागते.

एएमडी घेताना नावातल्या अंकांना फसू नका. २०२३ पासूनच्या नावांत ७५२०यू आणि ७५३०यू शेजारी-शेजारी वाटतात, पण वास्तुरचना (चिपचा आराखडा किती नवा, ते) सांगतो तो तिसरा अंक. ७५२०यू झेन २ वरचं, चार कोरचं. ७५३०यू झेन ३ वरचं, सहा कोरचं. दोन्हींवर 'रायझन ५' असा सारखाच स्टिकर.

नव्यांत थिंकपॅड ई१४ची सहावी आवृत्ती फिरतीसाठी सगळ्यात समजूतदार वाटते. १४ इंच, स्क्रीन १६:१० ची, म्हणजे उंची जास्त आणि एक्सेलच्या तीन-चार ओळी जास्त दिसतात. रॅमच्या दोन खाचा, मोठी यूएसबी, एचडीएमआय, केबलच्या इंटरनेटचं पोर्टही. वजन मात्र १.४४ किलोपासून पुढे. बॅटरी ४७ आणि ५७ वॉट-अवर (साठवलेल्या विजेचं माप) अशा दोन येतात. दुकानात तयार असलेल्या डब्यात बहुधा लहानच निघेल, म्हणून विचारून घ्या.

बॅटरीचा हिशेब तासांत नको, वॉट-अवरमध्ये करा. टायपिंग आणि ब्राउझिंगला लहान लॅपटॉप साधारण ७ वॅट खातो, व्हिडिओ कॉलला १४ च्या आसपास. ५० वॉट-अवरची बॅटरी म्हणजे सात तास लेखन किंवा साडेतीन तास बैठका. जुन्या यंत्रात बॅटरी ७० टक्के उरली असेल तर तेच पाच आणि अडीच. किती उरली आहे ते पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी लिपीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा. फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता हे दोन आकडे असतात. आताची मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी किमतीत धरूनच सौदा करा. रोज टेबलावर चार्जरला लावून वापर असेल तर लेनोवो, एचपी, डेल तिघांतही चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय आहे. ती चालू केली की बॅटरी फुगण्याचा धोका कमी.

पॉवर बँक घेताना डब्यावरचे एमएएच पाहून भुलू नका. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने गुणल्यावर ७४ वॉट-अवर, त्यातले काही रूपांतरात जातात, म्हणजे छोटा लॅपटॉप एकदा भरेल. खरा प्रश्न व्होल्टेजचा. फोनसाठीच्या १८ किंवा २२.५ वॅटच्या बँका ९ किंवा १२ व्होल्टवर थांबतात. विंडोज लॅपटॉपला बहुधा २० लागतात, म्हणून केबल लावूनही काहीच होत नाही. 'पीडी (पॉवर डिलिव्हरी) ६५ वॅट' हे एकाच पोर्टला मिळतात की सगळी पोर्ट मिळून, तेही वाचा. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बँक हातातल्या सामानात विनापरवाना चालते, चेक-इन बॅगेत नाही. रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटला अनेकदा ११० व्होल्ट असतात. अडॅप्टरवर '१००–२४०' छापलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

स्क्रीनची तपासणी पार्टीच्या खुर्चीतून करा. एक्स२८०च्या स्वस्त आवृत्तीत १३६६ गुणिले ७६८ चं टीएन पॅनेल येई. समोरून ठीक, पण शेजारी बसलेल्याला कोटेशन धुरकट दिसतं. आयपीएस (बाजूनेही स्पष्ट दिसणारं पॅनेल) आणि फुल एचडीच घ्या. उजेडात काम असेल तर ३०० निट (स्क्रीनच्या उजळपणाचं माप) हा किमान आकडा आणि काच चकचकीत नको. बऱ्याच थिंकपॅडची बिजागरी १८० अंशांत सपाट उघडते, टेबलापलीकडच्याला आकडे दाखवायला याइतकं सोयीचं काही नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुनं घ्यायला गेलात तर पंधरा मिनिटं मागून घ्या. सपाट काचेवर यंत्र ठेवा. डुगडुगलं किंवा टचपॅड दाबला जात नसेल तर आत बॅटरी फुगली आहे. चार्जर लावून पिन किंचित हलवा, चार्जिंगची खूण जा-ये करत असेल तर पोर्ट सैल. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा (यंत्र सुरू होताना थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१०, डेलला एफ२ दाबा). पासवर्ड मागितला तर ते यंत्र परत ठेवा, तो पासवर्ड काढणं मदरबोर्डच्या भानगडीपर्यंत जातं. शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी: विंडोज पूर्ण रीसेट करायला लावा आणि सुरुवातीच्या पडद्यावर इंटरनेट जोडा. यंत्र अजून जुन्या कंपनीच्या नोंदीत असेल तर तिथे त्या कंपनीचं नाव आणि लॉगिन येतं. दुकानदाराने नेटशिवाय विंडोज टाकून दिलं असेल तर हे सहा महिन्यांनी, पुढच्या रीसेटला उघड होतं. कीबोर्डही पाहा: ३ च्या डोक्यावर पौंडाचं चिन्ह असेल तर माल ब्रिटनचा, आणि काही चिन्हांची जागा कायम चुकत राहील.

बिल धंद्याच्या जीएसटी क्रमांकावर घ्या. ५०,००० च्या यंत्रावर १८ टक्क्यांनी ९,००० कर, तो इनपुट टॅक्स क्रेडिटमध्ये परत येतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्यांना येत नाही. जुन्या मालाचे काही विक्रेते फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात, त्यांच्या बिलात कर वेगळा दिसत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही, म्हणून दोन दुकानांचे भाव ताडताना हे वजा करून पाहा. आयकरात संगणकावर घसारा ४० टक्के. घेतल्याच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्मा.

वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की केंद्रावर नेऊन द्यायची, आणि ऑनसाइट असेल तर आपल्या पिनकोडला आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. तालुक्याच्या गावी कार्यालय असेल तर या एका ओळीने आठवडाभराचा फरक पडतो.

पहिल्या दिवशी मायक्रोसॉफ्ट खातं स्वतःच्या ईमेलनेच उघडा, दुकानातल्या मुलाने घाईत बनवलेल्या ईमेलने नाही. विंडोज ११ मध्ये त्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जाते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं की यंत्र तीच की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला. की छापून घरच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.