आपोआप अपडेट होणारी गाडी की सर्व्हिस सेंटरला न्यावी लागणारी?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे नक्की झाले असून आता केवळ मॉडेल ठरवायचे उरले आहे, अशांसाठी हे लिहीत आहे. रेंज आणि किमतीची तुलना कोठेही मिळते. गाडीचे सॉफ्टवेअर कोण, कधी आणि कोणाला विचारून बदलते, हे मात्र शोरूममध्ये फारसे कोणी विचारत नाही. मी दोन वर्षे नेटवर्कवरून, म्हणजे ओटीए पद्धतीने अपडेट होणारी गाडी वापरली. ती आता पुण्यात धाकट्या भावाकडे आहे. सध्याची गाडी अपडेटसाठी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते.

ओटीएचे मोठेपण नाकारता येणार नाही. टेस्लाने २०१८ मध्ये ग्राहकांच्या दारात उभ्या असलेल्या मॉडेल ३ गाड्यांचे ब्रेक लागण्याचे अंतर केवळ सॉफ्टवेअर पाठवून कमी केले. याउलट २०१५ मध्ये जीप चेरोकी दुरून हॅक करता येते हे उघड झाल्यावर फियाट क्रायस्लरला सुमारे १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करून मालकांना पोस्टाने पेन ड्राइव्ह पाठवावे लागले. अशा तातडीच्या प्रसंगी सर्व्हिस सेंटरच्या तारखेची वाट पाहणे परवडत नाही.

तरीही माझे मन फिरले ते साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात. आदल्या रात्री अपडेट झाले होते आणि स्क्रीनवर ‘किरकोळ सुधारणा’ एवढीच नोंद होती. घर समर्थ मंदिराजवळ असल्याने निघाल्यापासून चढच होता, त्यामुळे कासला पोहोचेपर्यंत काही जाणवले नाही. उतरताना पहिल्याच वळणावर सवयीने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर गाडी आवळली जाण्याऐवजी तशीच पुढे घरंगळत राहिली. ब्रेक होता, तो दाबला आणि निभावले. बॅटरी पूर्ण भरलेली असली की रीजन, म्हणजे पाय काढताच मोटरने गाडी आवळून वीज बॅटरीत परत भरणे, कमी होते हे मला ठाऊक आहे. पण तेव्हा ती साठ टक्क्यांच्या आसपास होती. अपडेटने रीजनची माझी सेटिंग पुसून कंपनीची मूळ सेटिंग आणली होती. ती मेनूतून पुन्हा बदलता येते, असे कस्टमर केअरने नम्रपणे सांगितले. जुने सॉफ्टवेअर परत मिळणार नाही, हेही तितक्याच नम्रपणे सांगितले.

मालकाला अपडेटचा हेतू आणि बदल आधी कळवलेच पाहिजेत, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२१ पासून लागू असलेला नियम १५६ सांगतो. पण तो वाहनांच्या नियमांविषयीच्या ज्या १९५८ च्या करारावर उभा आहे, त्यात भारत नाही.

सर्व्हिस सेंटरच्या पद्धतीत अर्धा दिवस मोडतो आणि एकदा तर सर्व्हर बंद असल्याने मी हात हलवत परत आलो. मात्र काय बदलले हे सांगणारा माणूस समोर असतो, आणि ताबा घेण्यापूर्वी त्याला शेजारी बसवून मी एक फेरी मारून घेतो. घाटात रोज चढउतार करणाऱ्याला हा अर्धा दिवस महाग वाटू नये, असे मला वाटते.

महाबळेश्वरसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला मात्र दर वेळी खाली उतरणे जाचक होईल; त्याने ओटीएच घ्यावी. फक्त टेस्ट ड्राइव्हच्या वेळी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : अपडेट परवानगीशिवाय सुरू होते का, आणि झाल्यावर रीजनची सेटिंग जशीच्या तशी राहते का. सेल्समनला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा माहीत नसते. वर्कशॉपमधल्या माणसाला विचारावे.