लांबून सोनं दाखवणारी सळई

नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणी, माहुरझरीकडच्या शेतात मोठ्या धोंड्यांची गोल वर्तुळं दिसली की गुप्तधनाचं मशीन विकणारे बरोबर गाठतात. अशाच एका शेतकऱ्याचे ४० हजार गेले.

मशीन म्हणजे प्लॅस्टिकची मूठ, तिच्यात सैल बसवलेली अँटेनाची सळई आणि कमरेला लावायची डबी. म्हणे, सळई वळेल तिकडे १० मीटर खोलवरचं सोनं. ती इतकी मोकळी असते की मनगट जरासं कललं तरी फिरते. दाखवताना नाणं सगळ्यांसमोर पुरतात. जागा माहीत असल्यावर हात नकळत तिकडे झुकतो, म्हणून घेणाऱ्याच्या हातातही ती 'चालते'. विश्वास बसतो तो इथेच. पुढे खड्डा रिकामा निघाला की 'धन सरकलं' म्हणत पूजेचे पैसे वेगळे.

अशाच सळईचे बॉम्बशोधक इराकला विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली १० वर्षांची कैद झाली.

पैसे देण्याआधी १० सारखे डबे उपडे ठेवा. एकाखाली अंगठी ठेवा आणि ठेवणाऱ्याने तिथून निघून जावं. मग मशीनवाल्याला बोलवा. अशा १० फेऱ्या करा. अंदाजानं एखादीच बरोबर येते. हवा दमट आहे, अंगठी नवी आहे अशी कारणं सुरू झाली की व्यवहार तिथेच थांबवा.

खरा मेटल डिटेक्टरही एकटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंतच पकडतो. सोनं आणि ॲल्युमिनियमचा तुकडा त्याला सारखेच वाटू शकतात. आपल्या बेसाल्टात, म्हणजे काळ्या दगडात, मॅग्नेटाइट हे लोहचुंबकी खनिज असतं, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स (यंत्र त्या जमिनीशी जुळवून घेणं) केला नाही तर तो उगाच वाजत राहतो.

आणि ही वर्तुळं लोहयुगातली दफनं आहेत. उत्खननात निघतात त्या लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, काळी-तांबडी खापरं, मणी. कोणती वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती यावरच सगळा अभ्यास उभा असतो. एका रात्रीच्या खड्ड्यानं तो कायमचा जातो. फार वाईट वाटतं.

नांगरताना काही लागलंच तर नांगर थांबवा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, खोली मोजा, मोबाइलवर लोकेशन टिपा. घासू-धुऊ नका. १८७८ च्या गुप्तधन (ट्रेझर ट्रोव्ह) कायद्यानुसार १० रुपयांवरच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. लपवलं तर आपला वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्जात काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे लिहा आणि पोच घ्या.