मावशीकडे पैसे मागणारी मी नव्हते

व्हिडिओ एडिटिंगचं एक महागडं सॉफ्टवेअर मला घ्यायचं होतं. बनवणाऱ्यांनी 30 दिवसांची ट्रायल दिली होती. उत्साहाच्या भरात ती मी टाकली, दोनदा उघडून पाहिली आणि कामाच्या गडबडीत महिना कधी सरला कळलंच नाही. खरोखर गरज पडली त्या रात्री स्क्रीनवर आलं, 'ट्रायल संपली'. तेव्हा मी मनाशी जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण हेच वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय: "चोरी कुठे करतेय? फक्त बघायला घेतेय. आवडलं तर विकत घेईनच."

एका व्हिडिओखाली क्रॅकची, म्हणजे पैसे न भरता चालेल अशी कुलूप तोडलेल्या कॉपीची, लिंक मिळाली. कमेंटमध्ये 'मस्त चाललं', 'थँक्यू भाऊ' अशी रांग लागली होती. अशा कमेंट टाकायला माणसं लागत नाहीत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. डाउनलोड झालेली झिप फाइल जेमतेम 12 एमबीची होती. तिला पासवर्ड होता आणि तो फाइलच्या नावातच लिहिलेला होता. सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो क्रॅकला उगाचच व्हायरस समजतो.

या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. जो पासवर्ड सगळ्यांना सांगून टाकलाय तो कुलूप म्हणून लावलेलाच नसतो. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून तो लावतात. आणि राखणदाराला घराबाहेर काढा असं जो पाहुणा सांगतो, त्याला घरात कशाला घ्यायचं?

झिप उघडली तर आतली सेटअप फाइल फुगून 700 एमबीच्या वर गेली. मला वाटलं, मोठं सॉफ्टवेअर आहे, फाइल मोठी असणारच. अशा फाइलमध्ये नुसती शून्यं भरलेली असतात, हे मला नंतर समजलं. झिपमध्ये दाबली की ती शून्यं जवळपास काहीच जागा घेत नाहीत, पण उघडल्यावर फाइल इतकी मोठी होते की बरेच स्कॅनर तिला हात लावत नाहीत. फाइलमध्ये व्हायरस आहे का ते तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल या साइटवर मी ती टाकायला गेलेसुद्धा. तिथे 650 एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे फाइल घेतलीच गेली नाही. तपासणी झाली नाही, आणि मी मात्र 'काही सापडलं नाही' अशा समजुतीत पुढे गेले.

डबल क्लिक केलं. एक पट्टी थोडी सरकली, कुठलीशी डीएलएल फाइल नाही असा एरर आला आणि खिडकी बंद झाली. सॉफ्टवेअर काही आलं नाही. क्रॅक खराब निघाला म्हणून मी अँटिव्हायरस पुन्हा चालू केला आणि झोपले.

त्या सेटअप फाइलमध्ये लपलेल्या प्रोग्रामचं काम तेवढ्या वेळात झालं होतं. अशा प्रोग्रामना इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन, विदार, लुम्मा ही त्यातली गाजलेली नावं. गुन्हेगारांना ते चक्क वर्गणी भरून वापरायला मिळतात. मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि काही देशांच्या तपास यंत्रणांनी मिळून लुम्मावर कारवाई केली, तेव्हा त्याआधीच्या दोनच महिन्यांत 3 लाख 94 हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरमध्ये तो सापडल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कार्डाचे तपशील आणि कुकीज हे सगळं तो उचलून नेतो. कुकीज सर्वांत घातक. आपण एकदा लॉगिन केलं की साइट ब्राउझरकडे एक पास देऊन ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको. तो पासच चोराच्या हाती गेला की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. माझ्या खात्यांवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. "अगं, मिळाले का पैसे? आता बरी आहेस ना?" माझ्या खात्यावरून तिला मेसेज गेला होता: हॉस्पिटलमध्ये आहे, कुणाला सांगू नकोस, लगेच पाठव. मेसेज आमच्या आधीच्या गप्पांच्या खालीच आला होता, वर आम्हा दोघींचे फोटो होते. तिने शंका तरी का घ्यावी? तिने दोनदा पैसे पाठवले होते.

घाबरून मी त्याच लॅपटॉपवर पासवर्ड बदलले. ही माझी दुसरी मोठी चूक. रात्रीपर्यंत नवे पासवर्डही गेले. करायचं होतं ते असं: लॅपटॉपचं नेट तोडायचं, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा, 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करायचं म्हणजे चोरलेले पास रद्द होतात, बँकेला फोन करायचा, पोलिसांत तक्रार द्यायची आणि लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट करायचा. मी हे सगळं केलं, पण दोन दिवस उशिरा. एक खातं कायमचं गेलं.

"आवडलं तर घेईन" या वाक्याचा मी तेव्हापासून खूप विचार केलाय. त्याआधी पीडीएफचं एक सॉफ्टवेअर मी असंच 'बघायला' घेतलं होतं. आवडलं, दोन वर्षं रोज वापरलं, विकत कधीच घेतलं नाही. विकत घेण्याआधी वापरून बघणं यात गैर काही नाही, ती सोय बनवणाऱ्यांनी स्वतःहून दिली आहे. 1982 साली अँड्र्यू फ्लुगलमन यांनी पीसी-टॉक हा प्रोग्राम असाच वाटला होता: कॉपी करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटला तर पैसे पाठवा. ट्रायल हे त्याच विश्वासाचं रूप आहे. माझे 30 दिवस मी वाया घालवले आणि वर आणखी दिवसांवर माझा हक्कच आहे असं धरून चालले. या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

नंतर मी त्या कंपनीला सरळ ईमेल केला की ट्रायल नीट वापरता आली नाही, मुदत वाढवून मिळेल का. दोन आठवडे मिळाले. फुकट आणि राजरोस पर्यायही होते, ब्लेंडरमध्येसुद्धा व्हिडिओ एडिट करता येतो. एक ईमेल लिहायला मला पाच मिनिटं लागली होती.

मावशीचे पैसे मी हप्त्याहप्त्याने परत केले. ती घ्यायला तयार नव्हती. पण आजही माझा साधा 'जेवलीस का' असा मेसेज गेला तरी ती आधी फोन करते, माझा आवाज ऐकते आणि मगच उत्तर देते.