रागासाठी मदत शोधताना: दादरच्या एका गटातले दहा शनिवार

गेल्या वर्षी जेवताना भाजीत मीठ कमी असल्याच्या कारणावरून मी ताट भिंतीवर फेकले. त्याआधीही आदळआपट, तोंडाला येईल ते बोलणे आणि नंतर दोन दोन दिवस अबोला हे आमच्या भांडुपच्या घरात नेहमीचे झाले होते. पण मी लॅचला किल्ली लावली, की बारावीतली मुलगी हातातले पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाते, हे पत्नीने त्या रात्री प्रथमच मला सांगितले. तेव्हापासून मुंबईत रागासाठी मदत शोधताना जे अनुभव आले, ते या वाटेवर असलेल्या कुणाला उपयोगी पडावेत म्हणून लिहीत आहे.

पहिला अनुभव निराशेचा होता. एका खासगी समुपदेशकाकडे मी तासाला दीड हजार रुपये देऊन चार वेळा गेलो. दीर्घ श्वास घ्या, दहापर्यंत आकडे मोजा आणि राग साचू न देता व्यायामशाळेतल्या बॉक्सिंगच्या पिशवीवर काढा, असा सल्ला मला मिळाला. पिशवीवर तासभर गुद्दे मारून घरी आलो, की माझी कानशिले अधिकच तापलेली असत. राग बाहेर काढला म्हणजे तो ओसरतो ही समजूत संशोधनात टिकलेली नाही, हे मला पुढे कळले. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाच्या 2002 सालच्या प्रयोगात, ज्याने चिडवले त्याचा विचार करत पिशवीवर गुद्दे मारणारी माणसे अधिक संतप्त झालेली आढळली होती. 2024 साली 154 अभ्यास एकत्र तपासण्यात आले, तेव्हा शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो आणि ती वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूणात उतरत नाही, असाच निष्कर्ष निघाला. श्वासाचा सल्ला म्हणजे योग्य होता. माझी खरी तक्रार वेगळी आहे: माझ्या रागाने घरात कोण घाबरते, हा प्रश्न त्या चार तासांत मला एकदाही विचारला गेला नाही. रागावर मदत करू म्हणणाऱ्याची पारख आता मी याच प्रश्नावरून करतो.

त्यानंतर मी टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली असून ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायला सांगितले. परळचे के. ई. एम., सायनचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मी त्यांपैकी एका रुग्णालयात अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. डॉक्टरांनी झोप, मद्यपान, थायरॉईड आणि उदासीनता यांविषयी बारकाईने विचारले, कारण राग हा स्वतंत्र आजार नसून पुष्कळदा दुसऱ्या कशाचे तरी लक्षण असतो. आणि मग, मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होतो तो आला: घरात हात उगारला जातो का? मी नाही म्हणालो. ताट फेकण्याविषयी त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा मात्र मला खाली पाहावे लागले. मला गोळ्यांची गरज नाही असे सांगून त्यांनी गटोपचार सुचवला.

हा गट दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका सभागृहाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी चार वाजता भरतो. दहा बैठका, प्रत्येकी दोन तास आणि बैठकीला तीनशे रुपये. खोलीबाहेर कुणाचे नाव न्यायचे नाही ही पहिली अट असल्यामुळे गटाचेही नाव मी येथे देत नाही. आम्ही नऊ जण होतो, त्यांत बेस्टचे एक चालक, दोन शिक्षक, एक तरुण गृहिणी, निवृत्तीच्या जवळ आलेले एक फौजदार. गट चालवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते, ते तपासून मगच पैसे भरा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितले.

कामाची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची होती. प्रसंगाने राग येत नाही, प्रसंगाबद्दल आपण मनाशी जे म्हणतो त्याने येतो, हे त्यातले मुख्य सूत्र. ऐकायला सोपे वाटते. पण ताईंनी ते मराठीच्या एका अक्षरावर आणून ठेवले तेव्हा मला ते कळले. आठवड्यातला रागाचा प्रत्येक प्रसंग वहीत लिहायचा, त्या क्षणी मनात आलेले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे आणि त्यातल्या प्रत्येक ‘च’ खाली रेघ मारायची. ‘मी घरी आल्यावर शांतता असलीच पाहिजे.’ ‘तिने माझे ऐकलेच पाहिजे.’ ‘हे मला सहन होणारच नाही.’ पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत अशा एकवीस रेघा होत्या. मग तेच वाक्य ‘च’ काढून मोठ्याने वाचायचे: शांतता असली तर मला बरे वाटेल. इच्छा तीच राहते, हुकूम तेवढा जातो. सहा वाजून गेल्यावर ठाण्याच्या गाडीत दाराशी उभा असताना मी अजूनही घरी गेल्यावर काय घडेल याची वाक्ये मनात जुळवतो आणि त्यातला ‘च’ भांडुप येण्याआधी शोधतो. हे काम इंग्रजीत झाले असते तर माझ्यापर्यंत पोहोचले असते असे मला वाटत नाही, कारण मी रागावतो ते मराठीत.

सहाव्या बैठकीत घरच्या माणसाला तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे आणायची होती. मुलीने एका ओळीत लिहून दिले की ओरडणे कमी झाले आहे, पण ते कधी सुरू होईल याची भीती गेलेली नाही. ही ओळ गटात वाचताना माझा आवाज फुटेना. फौजदारसाहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि तो वाचून पूर्ण केला.

उणिवाही आहेत. शनिवारी दुपारची वेळ दुकानदारांना आणि पाळीत काम करणाऱ्यांना शक्य नाही. आमचे चालक चार बैठकांना येऊ शकले नाहीत. एका सदस्याने दोनदा निम्मा वेळ घेतला, तेव्हा ताईंनी त्याला लवकर थांबवायला हवे होते. दहा आठवड्यांनंतर महिन्यातून फक्त एक बैठक असते, ती मला अपुरी वाटते. घरच्यांसाठी तर एकही बैठक नाही, आणि ही उणीव मी लेखी कळवली आहे.

जिथे मारहाण होते त्या घरासाठी हा गट नाही, हे ताई प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट करतात. आमच्या तुकडीसाठी आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी गटात न घेता स्वतंत्र उपचारांसाठी पाठवले. अशा घरातल्या स्त्रीने नवरा सुधारण्याची वाट पाहत थांबू नये. महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष याच कामासाठी आहे. त्याची चौकशी जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.