फॉर्च्युनरचं स्टेअरिंग आणि अलाइनमेंट: गोव्याच्या रस्त्यांवर बरेच महिने काढल्यावर

गाडी २०१८ची, डिझेल, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, टायर कंपनीच्याच मापाचे २६५/६० आर १८. सेकंडहँड घेतलेली. आधीच सांगतो, हिचं स्टेअरिंग जड आहे आणि ते जडच राहणार, हायड्रॉलिक आहे, पंप इंजिनवर फिरतो, इलेक्ट्रिकवाल्यांसारखं एका बोटाने वळत नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जागा शोधून गाडी लावायची म्हणजे घाम निघतो. पण तीच गाडी केरीवरून चोरला घाट चढताना वळणात जी घट्ट बसते ते बघितलं की मला तरी या जडपणाबद्दल काही बोलावंसं वाटत नाही.

माझा खरा त्रास वेगळा होता. हायवेला गाडी हळूहळू डावीकडे सरकायची, आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून पूर्ण मधे यायचं नाही, थोडं हाताने आणावं लागायचं. डावीकडे सरकणं थोडंफार असतंच, पाणी जायला रस्त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो आणि आपण डाव्या अंगाने चालतो. म्हणून नव्या झुवारी पुलावर वेगवेगळ्या लेनमधून, वारा नसताना, हात सैल ठेवून बघितलं, सरकणं तसंच. मग पुढचे दोन टायर आपसात बदलले, कारण टायरच वाकडा झिजला असेल तर ओढ बाजू बदलते. बदलली नाही. म्हणजे प्रश्न जॉमेट्रीचा, चाकं कुठल्या कोनात बसलीत त्याचा.

आता आपल्याकडे अलाइनमेंट म्हणजे काय, तर गाडी मशीनवर चढवायची, टो (वरून बघितलं तर पुढची चाकं आत की बाहेर वळलीत ते) बघायचा, टाय रॉड (चाकं वळवणाऱ्या दांड्या) फिरवायचे, स्क्रीनवर हिरवं दिसलं की बिल. दोन ठिकाणी हेच झालं. एकाने तर सांगितलं की या गाडीला कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं तो पुढे-मागे किती कललाय) सेट होतच नाही. होतं हो! पुढचं चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला प्रत्येक बाजूला दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) असतात, त्यांच्यावर दोन्ही बसवता येतं. मागे सरळ अ‍ॅक्सल आहे, तिथे काही करायला नाही, पण चारही चाकांचं माप घ्यायला लावा, मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर तिथे कळतं.

शेवटी फोंड्याजवळ एक मेस्त्री भेटला ज्याने मला न विचारताच चाकं दोन्हीकडे वळवून कॅस्टर मोजला. डावीकडे २.२ डिग्री, उजवीकडे ३.१. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, म्हणजे हिशोब जुळला. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो ना, तोच हा कॅस्टर, त्याच्यामुळेच गाडी सरळ धावते आणि स्टेअरिंग मधे परत येतं. कॅस्टर कमी झाला म्हणजे चाक मागे ढकललं गेलं, आणि डावंच का तेही उघड आहे, डिचोली-साखळी पट्ट्यात खाणीच्या ट्रकांनी रस्त्याच्या कडा खाल्ल्यात आणि डावं चाक कायम तिथेच पडतं.

पण बोल्ट काही हलेना. आपली खारी हवा आणि चार महिने पाऊस, बोल्ट बुशच्या (आर्मच्या टोकाला बसवलेल्या रबराच्या) आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले. मेस्त्री म्हणाला, "बाब, जोर लावला तर तुटेल, गाडी ठेवून जा." रात्रभर गंज सुटायचं तेल, मग गरम करणं, तरी एक बोल्ट कापावाच लागला आणि बुश गेलं. नवे बोल्ट ग्रीस लावून घातले. खर्च साध्या अलाइनमेंटच्या कितीतरी पट. क्रम असा की आधी कॅस्टर-कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण पहिले दोन हलवले की टो बिघडतोच. आणि खालच्या आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, हवेत आवळले तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

स्टेअरिंग व्हील वाकडं दिसतंय म्हणून कोणी "काढून सरळ बसवून देतो" म्हणाला तर हात लावू देऊ नका. खाली एअरबॅगची वायर आणि अँगल सेन्सर आहे, सरळ करायचं ते दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून.

त्यानंतर पावसाळा काढला. अनमोड घाटातून बेळगावला जाऊन येऊन असतो, ओढ गेली, स्टेअरिंग सुटलं की मधे येतं, उलट पार्किंगला किंचित जास्तच जड झालंय, कॅस्टर वाढवला की तेवढं होणारच. टायरवरून तळवा फिरवला तर आधी कडा करवतीसारख्या लागायच्या, आता नाहीत. माझ्या मावसभावाने त्याच्या गाडीला उंची वाढवायला दोन इंचांची लिफ्ट लावली, नुसते स्पेसर (मधे घातलेले ठोकळे), वरचे आर्म तेच, आणि हायवेला ती तरंगल्यासारखी चालते, कारण लिफ्टने कॅस्टर कमी होतो. दिसते मात्र झकास, ते मान्य.

पॉवर स्टेअरिंगचं ऑइलही बदललं, फुल लॉकला, म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर येणारी कुरकुर कमी झाली, जडपणात काही फरक नाही.

चवथ झाली की परत माप घेणार. मडगाव-कुडचडे बाजूला कॅस्टर मोजून प्रिंट देणारा कोणी असेल तर कळवा, दरवेळी फोंड्याला जायचा कंटाळा येतो.