तोंडातून दुर्बीण, पोटाला आतून टाके: एका खानावळवालीचा अभिप्राय

बेळगावच्या टिळकवाडीत आमची खानावळ आहे. दोन वेळचं जेवण, रविवारी मटण. आमटी-रस्सा चाखून बघणं हा माझा धंदाच, तेव्हा ‘कमी खा’ हा सल्ला मला कितपत लागू पडायचा ते तुम्हीच ठरवा. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८६ किलो, मधुमेहाची गोळी चालू, जिना चढताना गुडघे ओरडायचे. पुण्याच्या एका खाजगी रुग्णालयात एंडोस्कोपिक स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला दुर्बिणीनं जठर आतून शिवून लहान करायचा उपचार, करून घेतला, त्याला वर्ष उलटलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. चांगलं-वाईट दोन्ही सांगायचंय.

जाहिरातीत ‘ऑपरेशनशिवाय’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. पोटावर चिरा नसतो हे खरं, पण भूल पूर्ण देतात आणि टाके खरेच घालतात. तोंडातून दुर्बीण आत जाते, तिच्या टोकाला शिवायचं यंत्र बसवलेलं असतं. जठराची जी मोठी वळणाची बाजू, तिथं आतून टाके घेत भिंती जवळ ओढतात, पिशवीला आतून दोरा घालून चुण्या पाडाव्यात तसं. जागा साधारण ७० टक्क्यांनी घटते. स्लीव्ह सर्जरीत जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग कापून काढूनच टाकतात, इथं कापून काही काढत नाहीत. माझं दीड तासात आटोपलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

डॉक्टरांना मी पैकीच्या पैकी देते. खाली रिसेप्शनवर चाळीस किलो उतरलेल्या बाईचा फोटो लावलाय. मी तोच दाखवला तर म्हणाले, “ताई, तो फोटो सोडा. तुमचे बारा ते पंधरा किलो धरून चला.” मग कागदावर हिशेब मांडला. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. टाके घातलेल्यांचं वजन वर्षात सरासरी १३.६ टक्के उतरलं, नुसता आहार-व्यायाम सांगितलेल्यांचं एक टक्कासुद्धा नाही. ८६ किलोचे १३.६ टक्के म्हणजे पावणेबारा किलोच्या आसपास. कापून केलेल्या सर्जरीत याहून जास्त उतरतं हे त्यांनी स्वतःच सांगितलं. फुग्याचंही सांगितलं, की तो पोटात ठेवतात पण काही महिन्यांपुरताच असतो. भूक कमी करणाऱ्या, आठवड्याला एक घ्यायच्या इंजेक्शनांचंही सांगितलं. महिन्याच्या महिन्याला तो खर्च, आणि बंद केलं की भूक परत येते म्हणे. मी टाक्यांवर बोट ठेवलं. आज काट्यावर ७२ आहे आणि मधुमेहाची गोळी अर्ध्यावर आली. पोटात व्रण, मोठा हर्निया किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असल्या तर हे जमेलच असं नाही. म्हणून आधी साधी एंडोस्कोपी करूनच होकार देतात.

पैशाचं बघा. शिवायचं यंत्र परदेशातून येतं आणि एका पेशंटला वापरून फेकून देतात, तिथंच बराचसा खर्च जातो. ‘पॅकेज’मध्ये आधीच्या तपासण्या, ती साधी एंडोस्कोपी आणि नंतरची औषधं धरलेली नव्हती, हे बिल हातात पडल्यावर कळलं. विम्याकडून एक पैसाही आला नाही. पॉलिसीत लिहिलेलंच असतं, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४० पाहिजे, किंवा ३५ आणि वर मधुमेहासारखा मोठा आजार. माझा भरला चौतीस-पॉइंट-सात! इतकी वर्षं जाड असून ऐनवेळी कमी पडले.

आता तक्रार. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एका रात्री पोटात मुरडा धरला आणि उलटी थांबेना. सुरुवातीला मळमळ-मुरडा होतो हे मला माहीत होतं. पण नेहमीचा त्रास कुठं संपतो आणि घाबरायचं कुठून, ते कागदावर कुणी लिहून दिलं नव्हतं. इमर्जन्सी म्हणून दिलेल्या नंबरावर सुनेनं फोन लावला. उत्तर आलं, “उद्या ओपीडीत या.” अगं बाई, बेळगावातून पुणे म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, निपाणी-कोल्हापूर करत, उलटीची पिशवी हातात घेऊन यायचं का? शेवटी गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन आणि सलाइन दिलं. सकाळी पुण्याच्या डॉक्टरांचा स्वतः फोन आला. ताप आहे का, शौचाला काळी होते का, रक्ताची उलटी, दम लागतो, पोट दुखायचं थांबतच नाही, असं सगळं विचारलं. यातलं काहीही असेल तर वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, कारण रक्तस्राव किंवा टाक्याजवळ गळती क्वचितच होते, पण झाली तर गंभीर असते. हेच घरी सोडताना लिहून दिलं असतं तर?

आहारतज्ज्ञ मुलगी गोड होती, “काकू, काकू” म्हणून बोलायची. तिच्या तक्त्यात मात्र ओट्स, टोफू आणि ब्रोकोली. मी म्हटलं, मला प्रोटीन किती आणि पदार्थ किती घट्ट तेवढं सांग, बाकी माझ्यावर सोड. दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन, पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, आणि दीड महिन्यानं साधं जेवण. मग काय, ताक, गाळलेली मुगाची आमटी, नाचणीचं आंबील, पुढं कुळथाचं पिठलं, अंडी, मऊ मासा. तिनं व्हिडिओ कॉलवर सगळं तपासून आकडे बसवून दिले, दर महिन्याला न चुकता. वजन उतरलं त्यात या मुलीचा वाटा मोठा आहे.

आता वाटीभर भात-आमटीत पोट भरतं. जेवताना पाणी नाही, घाई नाही. घाईनं घास गिळला तर छातीत अडकल्यासारखं होतं आणि ते निस्तरेपर्यंत जीव नकोसा होतो. पण कुंद्याला, आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईला, टाके अडवत नाहीत. गोड, पातळ आणि तोंडात विरघळणारं सगळं सरळ खाली जातं, मग तो कुंदा असो की मिल्कशेक. गणपतीत मी दोन किलो परत चढवून घेतले होते. रस्सा चाखायचं काम आता सुनेकडे दिलंय, तिच्या हाताला मीठ जरा जास्त पडतं, पण चालतंय.

पाचपैकी साडेतीन देते. उपचाराला आणि डॉक्टरांना पाच, रात्रीच्या फोनला शून्य. आपल्या बाजूचं कुणी पुण्या-मुंबईला जाणार असेल तर पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी लिहून मागा: रात्री फोन कोण उचलणार, बेळगावात कुठल्या डॉक्टरांशी ते बोलून ठेवणार, आणि वर्षभराच्या आहाराच्या भेटी पॅकेजात आहेत की वेगळ्या.